जुन्या गाडीचे ब्रेक रोटर : खर्च किती आणि कशाचा?

आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक जुनी करोला किंवा सिव्हिक असते. कधी ती अमेरिकेत आल्यावर घेतलेली पहिली गाडी असते, तर कधी नवी गाडी आल्यावर कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या हाती दिलेली. इंजिन दोन लाख मैलांनंतरही कुरकुर करीत नाही. पण एखाद्या दिवशी तेल बदलायला गाडी न्यावी आणि गॅरेजवाल्याने हातात एस्टिमेट ठेवावे : रोटर बदलावे लागतील. आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा! अशी एस्टिमेट मंडळातले स्नेही मला वाचायला देतात (मेकॅनिकल इंजिनियरला गाडीतले सगळे कळते, हा आपल्याकडचा जुना समज), म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

रोटर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. आपल्या घरचा घावनाचा तवा ज्या जातीच्या धातूचा, त्याच जातीची. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड या चकतीवर आवळतो आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. सव्वा टनाची गाडी ताशी ६० मैलांवरून एकदा थांबवली तर निघणारी उष्णता सव्वा लिटर गार पाण्याला उकळी आणील. म्हणजे सात-आठ कप चहाचे आधण. यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो, म्हणून पुढचे ब्रेक आधी झिजतात. चकती जाड असेल तर ती ही उष्णता पोटात घेते. पातळ झाली की फार तापते, तडकू शकते.

किती पातळ चालते, हे गॅरेजवाल्याच्या मर्जीवर नाही. किमान जाडी रोटरवरच कोरलेली असते. उदाहरणार्थ, २००६ ते २०११ च्या साध्या सिव्हिकचा पुढचा रोटर नवा असताना २१ मिलिमीटर असतो आणि १९ च्या खाली चालत नाही. सारा खेळ दोन मिलिमीटरचा! त्यामुळे "रोटर गेले" असे कोणी म्हटले तर शांतपणे विचारावे : जाडी किती भरली? किमान किती? पॅड किती उरला? नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलावा. मोजमाप न घेता दिलेल्या एस्टिमेटवर सही करू नये.

पूर्वी रोटर लेथवर घासून पुन्हा वापरीत. आता जुन्या छोट्या गाड्यांना ते क्वचितच परवडते. घासण्याची मजुरी आणि बाजारातला साधा नवा रोटर यांत फारसे अंतर नाही, आणि घासलेला रोटर किमान जाडीच्या आणखी जवळ जातो. तेव्हा पॅडबरोबर रोटरही बदला असे कोणी सुचवले तर ती लबाडीच असते असे नाही. मात्र २०१८ च्या सप्टेंबरात चिनी मालावर १० टक्के जकात बसली, ती मे २०१९ मध्ये २५ टक्के झाली, आणि स्वस्त रोटरांचा मोठा हिस्सा चीनमधूनच येत असल्याने त्याचीही झळ लागली.

आता पैशांचे. एका स्नेह्यांच्या मुलीकडे २००९ ची सिव्हिक आहे. एका डीलरने तिला १,१८० डॉलर सांगितले : पुढचे रोटर व पॅड ५६०, मागचे ड्रम व शू ४८०, ब्रेक फ्लुइड १४०. मुलगी घाबरली, वडील म्हणाले गाडी विकून टाकू. मी म्हटले, आधी चाके काढून मोजू. पुढचा एक पॅड जवळजवळ लोखंडाला टेकला होता. तो भाग शंभर टक्के खरा होता आणि त्या अवस्थेत तिला हायवेवर पाठवणे धोक्याचे होते. मागचे शू मात्र अर्ध्याहून जास्त शिल्लक होते आणि फ्लुइड वर्षापूर्वीच बदलल्याची पावती घरात होती. एका लहान गॅरेजने पुढचे काम दोन रोटर ११०, पॅड ६०, दीड तासाची मजुरी १९५, अशा ३६५ डॉलरमध्ये (वर कर) त्याच दिवशी केले. मागचे काम पुढच्या वर्षी बघू.

यातला अर्ध्याहून जास्त खर्च मजुरीचा आहे हे लक्षात येईल. म्हणून दुसरे एस्टिमेट घेताना मजुरीचा तासाचा दर आणि तास वेगवेगळे विचारावेत. पॅडवर "लाइफटाइम" वॉरंटी देणारी दुकाने फुकट देतात तो पॅड. मजुरी पुन्हा आपलीच. कॅलिफोर्नियात लेखी एस्टिमेट देणे गॅरेजवर बंधनकारक आहे आणि आधी सांगून ठेवले तर काढलेले जुने भागही दाखवावे लागतात. आपल्या राज्यात असा नियम नसला तरी भाग मागायला कोणाची हरकत नाही.

गाडीची किंमत तीन हजार, तिच्यावर चारशे का घालायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तुलना गाडीच्या किमतीशी करू नये. नव्या गाडीचा सरासरी मासिक हप्ताच आज सातशे डॉलरच्या वर आहे. ज्या गाडीचे गिअर आणि सांगाडा शाबूत आहेत, तिच्या ब्रेकवरचा खर्च मी तरी डोळे मिटून करीन. सांगाडाच गंजला असेल तर गोष्ट वेगळी.

न्यू जर्सीकरांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. तिथे खाजगी गाड्यांची ब्रेक वगैरेंची सरकारी तपासणी २०१० साली बंद झाली. टेक्सासमध्ये २०२५ पासून. म्हणजे स्टिकर असले तरी ब्रेक कोणी पाहिले आहेत असे समजू नये. टायर फिरवून घेताना चाके निघतातच, तेव्हाच पॅड मोजायला सांगावे. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत.

काम झाल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळले का, हेही पाहावे. सिव्हिकला ८० फूट-पाउंड, करोलाला ७६. एअर गनने वेडेवाकडे आवळले तर काही हजार मैलांत ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागते आणि नवा रोटर "वाकला" असे सांगितले जाते. घरी स्वतः काम करणाऱ्यांना एक सूचना : होंडाच्या रोटरला धरून ठेवणारे दोन स्क्रू गंजून असे बसतात की साध्या पेचकसाने डोकीच झिजतात. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आधीच आणून ठेवावा, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, स्टँड लावावेत.

डिसेंबरात सहा आठवडे भारतात जाऊन आल्यावर ड्राइव्हवेत उभ्या गाडीच्या रोटरवर तांबूस गंज दिसतो आणि पहिल्या ब्रेकला खरखर होते. तो वरवरचा असतो. गल्लीतल्या गल्लीत हळू वेगात आठ-दहा वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. आठवडाभरानेही खरखर राहिली तर मात्र चाक काढून पाहावे.