सामान, विमानप्रवासातील हरवलेले

विमानप्रवासात कंपनीच्या स्वाधीन केलेले सामान उतरण्याच्या ठिकाणी न मिळणे, उशिरा मिळणे किंवा नुकसान होऊन मिळणे, या तिन्ही प्रकारांस व्यवहारात सामान ‘हरवले’ असे सैलपणे म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने हे प्रकार भिन्न असून त्यांविषयीच्या तक्रारीचे नियमही भिन्न आहेत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अशा तक्रारी समाजमाध्यमांवर जाहीरपणे मांडण्याची प्रथा रूढ झाली. जाहीर तक्रारीने कंपनीचे लक्ष लवकर वेधले जाते. परंतु भरपाईचा हक्क मुख्यतः मुदतीत केलेल्या लेखी तक्रारीवर अवलंबून असतो.

सामान चुकण्याची कारणे : सामान स्वीकारताना त्यावर पट्टीसंकेत असलेला कागदी टॅग लावतात व त्याचा छोटा तुकडा प्रवाशाला देतात. टॅगवरील दहा अंकी क्रमांकावरून तो टॅग कोणत्या कंपनीने दिला आहे, हे ओळखता येते. टॅग फाटणे, सामान चुकीच्या विमानात चढविणे, विमानात जागा अपुरी पडणे ही सामान चुकण्याची काही कारणे होत. सर्वाधिक चुका मात्र विमान बदलताना होतात; कारण पहिल्या विमानास उशीर झाल्यास प्रवासी धावत दुसरे विमान गाठतो, पण त्याचे सामान मागे राहते. विमानवाहतूक क्षेत्रास संगणकसेवा पुरविणाऱ्या ‘सीता’ या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ मध्ये जगात दर हजार प्रवाशांमागे सु. १९ सामाननगांबाबत अशी चूक झाली. २०२४ मध्ये हे प्रमाण सु. ६ वर आले. सामान स्वीकारताना, विमानात चढविताना, एका विमानातून दुसऱ्यात नेताना व प्रवाशाला परत देताना अशा चार टप्प्यांवर त्याची नोंद ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेचा (आयाटा) ठराव जून २०१८ पासून अंमलात आला. चुकलेले बहुतेक सामान काही दिवसांत सापडते. कायमचे हरवण्याचे प्रमाण अल्प असते.

विमानतळावरील नोंद : सामान सरकत्या पट्ट्यावर आले नाही, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या सामानकक्षात जाऊन ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ हा अहवाल भरावा लागतो. त्यात सामानाचा रंग, आकार, टॅग क्रमांक आणि प्रवाशाचा पत्ता नोंदवितात. प्रवाशाला मिळणाऱ्या संदर्भक्रमांकात विमानतळाचा तीन अक्षरी संकेत, कंपनीचा दोन वर्णांचा संकेत व पाच अंक असतात. त्याच्या आधारे ‘वर्ल्डट्रेसर’ या संगणकप्रणालीतून जगभरच्या विमानतळांवर शोध घेतला जातो. हा अहवाल म्हणजे शोधाची सुरुवात होय. भरपाईची मागणी कंपनीकडे स्वतंत्रपणे लेखी करणे श्रेयस्कर असते.

कायदा व भरपाई : आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीतील दायित्वाचे नियम प्रथम वॉर्सा करारात (१२ ऑक्टोबर १९२९) ठरले. त्यात नोंदविलेल्या सामानाची भरपाई वजनावर ठरे; त्यामुळे हलक्या पण मौल्यवान वस्तू गमावणाऱ्यास अत्यल्प रक्कम मिळे. माँट्रिऑल कराराने (२८ मे १९९९) वजनाऐवजी दर प्रवाशामागे एक कमाल मर्यादा ठरविली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककात ती आरंभी १,००० होती. महागाईनुसार वाढत जाऊन २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली. ही कमाल मर्यादा असून प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. सामान देतानाच त्याचे अधिक मूल्य जाहीर करून जादा आकार भरल्यास भरपाईही अधिक मिळू शकते.

करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, तर विलंबाची तक्रार सामान हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. मुदत चुकल्यास, कंपनीने लबाडी केली नसेल तर, दावाच करता येत नाही. येण्याच्या दिवसापासून २१ दिवसांत सामान न आल्यास प्रवासी ते हरवले असे धरून हक्क बजावू शकतो. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षे आहे. भारतात हा करार ३० जून २००९ पासून लागू असून विमानवाहतूक अधिनियम, १९७२ यात त्याचा समावेश आहे. देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या अधिसूचनेने सामानाच्या दायित्वाची मर्यादा दर प्रवाशामागे २०,००० रु. ठेवली.

समाजमाध्यमे : जाहीर तक्रारीचे सामर्थ्य प्रथम जगाच्या नजरेस आणले ते कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांनी. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्यांची गिटार मोडली. नेहमीच्या २४ तासांच्या मुदतीत मागणी केली नाही, या कारणावरून कंपनीने भरपाई नाकारली. सु. नऊ महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर जुलै २००९ मध्ये त्यांनी या प्रसंगावर रचलेले गीत यूट्यूबवर प्रसिद्ध केले. ते लक्षावधी लोकांनी पाहिल्यावर कंपनीने भरपाई देऊ केली. २०१३ मध्ये शिकागोतील एका व्यावसायिकाने वडिलांचे सामान हरवल्याबद्दल ब्रिटिश एअरवेजविरुद्ध ट्विटरवर पैसे भरून जाहिरात दिली. आपले खाते केवळ कार्यालयीन वेळेत चालते, या आशयाचे कंपनीचे उशिरा आलेले उत्तर टीकेचा विषय ठरले.

त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी समाजमाध्यमांवरील तक्रारींस चोवीस तास उत्तरे देणारे कर्मचारी नेमले. तथापि हे कर्मचारी बहुधा संदर्भक्रमांक मागतात आणि प्रकरण सामानविभागाकडे पाठवितात. विमानतळावर नोंद नसेल, तर त्यांच्याही हाती फारसे काही राहत नाही. शिवाय क्षमायाचनेचे उत्तर म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे. तक्रार लेखी असणे म्हणजे काय, या प्रश्नावर युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये फिनएअर कंपनीविषयीच्या खटल्यात निर्णय दिला : कंपनीच्या कर्मचाऱ्याने तक्रार संगणकप्रणालीत नोंदविली, तर ती लेखीच ठरते. म्हणजेच माध्यम कागदाचे असावे असे नाही, पण तक्रार कंपनीकडे मुदतीत नोंदलेली हवी. सर्वांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरावर याबाबत विसंबणे धोक्याचे असते. बोर्डिंग पास किंवा टॅगची छायाचित्रे जाहीर केल्यास तोतया खात्यांवरून फसवणूक होण्याचाही संभव असतो.

भारतातील दाद : केंद्रीय नागरी विमानवाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘एअरसेवा’ ही तक्रारव्यवस्था सुरू केली. तेथे समाधान न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते. विमानवाहतुकीच्या दाव्यांतही ग्राहकमंचांना अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मालवाहतुकीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदार राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मात्र दावा कोणत्या देशात चालावा, हे माँट्रिऑल करारावरून ठरते. प्रवासाचे अंतिम स्थळ भारतात असल्यास तो भारतात चालू शकतो.

विमानतळापासून दूर राहणाऱ्या प्रवाशांना या तरतुदींचे महत्त्व विशेष आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या रहिवाशास मुंबई विमानतळावरून कल्याणमार्गे माळशेज घाट चढून, तर पुण्याहून चाकण–नारायणगावमार्गे घरी यावे लागते. लांबच्या प्रवासाने थकलेला व पुढची गाडी गाठण्याच्या घाईत असलेला प्रवासी घरी पोहोचून तक्रार करू, असे म्हणून निघतो. विमानतळावरील नोंद त्यामुळेच राहून जाते. सापडलेले सामान कंपनी पुष्कळदा घरपोच पाठविते; म्हणून गाव, वाडी, तालुका, जवळची ठळक खूण व दोन दूरध्वनी क्रमांक अहवालात नोंदविणे हितावह ठरते. पुढे वाद उद्‌भवल्यास जुन्नर–आंबेगाव भागातील रहिवाशास पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्या वेळी टॅगचा तुकडा, बोर्डिंग पास, अहवालाची प्रत, मुदतीत केलेल्या लेखी तक्रारीची पोच व खरेदीच्या पावत्या हाच मुख्य पुरावा असतो. समाजमाध्यमावरील तक्रार या कागदपत्रांना पूरक ठरू शकते, पर्यायी नव्हे.