स्वच्छंदतावादी पियानोसंगीतातील भावगर्भता

चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यास स्वरपट्ट्यांचे वाद्य अपरिचित नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्रभर रंगणाऱ्या नाटकांना ऑर्गनची साथ असते. पियानो मात्र या भागात क्वचितच ऐकावयास मिळतो. दोहोंच्या पट्ट्या सारख्या असल्या तरी नाद भिन्न आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी (रोमँटिक) एकल पियानोसंगीताची भावगर्भता या भेदातच शोधावी लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ऑर्गनचा स्वर हवेवर चालतो. पट्टी दाबून ठेवावी तितका वेळ तो टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आघात करते व त्याच क्षणापासून स्वर क्षीण होऊ लागतो. मींड दोहोंतही नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तीमागे हाही आक्षेप होता. (गोविंदराव टेंबे यांच्या हार्मोनियमवादनाची कीर्ती तत्पूर्वीच सर्वदूर झालेली होती, हे येथे नोंदविणे अगत्याचे आहे.) हाच आक्षेप पियानोलाही लागू पडतो. तरीही फ्रेडरिक शोपँ (१८१०-१८४९) आपल्या शिष्यांना पियानो गाता झाला पाहिजे असे सांगे व त्यासाठी गायक ऐकण्याचा आग्रह धरी.

हे कसे साधते? १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या २४ प्रेल्यूडांपैकी चौथे पाहावे. अवघ्या २५ मात्राखंडांची ही रचना. पांढरी तीनचा षड्ज मानल्यास उजवा हात आरंभी पंचम आणि कोमल धैवत या दोनच स्वरांवर घुटमळतो. डावा हात मात्र स्वरसंघात पुनःपुन्हा वाजवीत अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जातो. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो व स्वराचा भाव त्या आधारावर ठरतो. येथे आधारच सरकतो. त्यामुळे न हललेला पंचम दर वेळी निराळा भासतो, आणि विरत जाणाऱ्या नादामुळे तो हातून निसटल्यासारखा वाटतो. अखेरीस पूर्ण विराम येतो, मग केवळ तीन मंद स्वरसंघात. वाद्याची उणीव येथे आशयाचा भाग झाली आहे.

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमधील मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीच्या वेळी हीच रचना ऑर्गनवर वाजविली गेली. ऑर्गनवर तो पंचम विरला नसणार. जमलेल्यांनी ऐकले ते काहीसे निराळेच संगीत असावे. झाडीपट्टीतील एखाद्या ऑर्गनवादकाच्या साहाय्याने, पियानोच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून, हा फरक महाविद्यालयातही सहज ऐकविता येईल.