एका किल्लीसाठी किती हेलपाटे? पहिली ‘फायनल फँटसी’ खेळताना

मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता ‘फेच क्वेस्ट’ हा शब्द वापरला आणि पुढे निघून गेले. ज्यांनी असले गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आज तो नीट उलगडून सांगते.

फेच क्वेस्ट म्हणजे गेममधलं एखादं पात्र तुम्हाला सांगतं, ‘अमुक वस्तू आणून दे, मग मी तमुक देतो.’ तुम्ही ती शोधायला जाता, तर ती ज्याच्याकडे आहे त्याला आणखी तिसरंच काहीतरी हवं असतं. आपल्या उंदीरमामाची गोष्ट आठवा. सापडलेली चिंधी आधी परटाकडे, मग रंगाऱ्याकडे, मग शिंप्याकडे, आणि तेव्हा कुठे डोक्यावर टोपी. मराठीत याला सरळ शब्द आहे, हेलपाटे. दुकान सुरू करताना भाडेकरार, त्यावर गुमास्ता, गुमास्ता दाखवून बँकेत करंट खातं, हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

उदाहरणासाठी गेम घेऊया पहिली ‘फायनल फँटसी’. जपानच्या स्क्वेअर कंपनीने ती डिसेंबर १९८७ मध्ये फॅमिकॉमसाठी काढली, दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची. अमेरिकेत ती १९९० मध्ये एनईएसवर आली. आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम मिळायचे त्यांत मारिओ आणि काँट्रा असायचे, असला गेम क्वचितच. हा खेळ एका बैठकीत संपत नाही, तो साठवून ठेवावा लागतो. त्यासाठी मूळ कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त कार्ट्रिजमध्ये ती नसायची.

आता परिस्थिती समजून घ्या. तुमच्याकडे चार योद्धे आहेत. कोनेरियाच्या राजकन्येला तुम्ही सोडवलंय, राजाने खूश होऊन पूल बांधून दिलाय आणि प्रावोका गावात बिक्के नावाच्या चाच्याला हरवून तुम्ही त्याचं जहाज मिळवलंय. वाटतं, झालं, आता जग फिरायचं! पण समुद्र सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे. बाहेरच्या महासागराच्या आड जमिनीची एक पट्टी येते. जहाज आहे, पण रस्ता नाही. पुढचा सगळा खटाटोप ती पट्टी फोडण्यासाठी.

आणि गंमत म्हणजे काय हवंय हे गेम तुम्हाला आधीच सांगून टाकतो, फक्त उलटसुलट क्रमाने आणि वेगवेगळ्या तोंडून. माटोया नावाची आंधळी चेटकीण गुहेत बसलेली असते. तिचा स्फटिक हरवलाय, त्याशिवाय तिला दिसत नाही. पूल ओलांडल्यावर लगेच तिच्याकडे जाता येतं, तेव्हा स्फटिकाचा पत्ताही नसतो. बुटक्यांच्या गुहेत नेरिक कालवा खणतोय, त्याला सुरुंगाची दारू हवी. कोनेरियाच्या राजवाड्यात एक खोली कुलूपबंद आहे, तिची किल्ली एल्फलँडच्या राजपुत्राकडे. तो राजपुत्र शापामुळे झोपलेला. आणि एका ओसाड किल्ल्यात बसलेल्या म्हाताऱ्या राजाला मुकुट हवा आहे.

मी पहिल्यांदा खेळले तेव्हा एका वहीत दोन रकाने पाडले होते: कोणाला काय हवं, आणि कोणाकडे काय आहे. दुकानात मागणीची वही ठेवतो ना, तशीच. गिऱ्हाईक विचारून जातं, माल तेव्हा नसतो, पण नोंद राहते. गेममध्ये कामांची यादी दाखवणारी स्क्रीनच नाही, त्यामुळे वही नसेल तर माणूस सगळ्या गावांना पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घालत बसतो. नकाशासुद्धा मागितल्याशिवाय मिळत नाही. माटोयाच्या गुहेतल्या झाडू काहीतरी विचित्र बडबडतात, ते शब्द उलटे वाचले की कळतं, बी आणि सिलेक्ट ही बटणं दाबा. दाबली की जगाचा नकाशा उघडतो! माहिती झाडूकडूनही मिळू शकते, एवढं मात्र पटलं.

वहीतले दोन रकाने जुळवले की साखळी दिसते. मुकुट, मग स्फटिक, मग औषध, मग किल्ली, मग दारू. यातली एकही वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुमच्याकडे कितीही नाणी असोत, माटोयाला त्यांचं काही नाही. तिला स्फटिकच हवा.

मग पैसा लागतो कुठे? जाण्यायेण्याला. मुकुट आहे दलदलीतल्या गुहेत, अगदी तळाच्या मजल्यावर. तिथे विष बाधतं, आणि एकदा बाधलं की प्रत्येक पावलाला जीव थोडा थोडा कमी होतो. काही किडे असे की नुसता स्पर्श झाला तरी तुमचा माणूस जागच्या जागी थिजतो. खेळ साठवायची सोय फक्त सरायीत, किंवा बाहेर मोकळ्यावर तंबू ठोकून. गुहेत नाही. म्हणजे मुकुट हातात आला तरी काम अर्धंच झालं, तेवढंच अंतर परत चालून बाहेर पडायचंय. मुकुटाच्या पेटीवर जादूगार पहाऱ्याला असतात, नावाला जादूगार, मारतात मात्र पैलवानासारखे.

हिशोब सांगते. सुरुवातीला हातात ४०० नाणी मिळतात. औषधाची बाटली ६० ला, विषावरचा उतारा ७५ ला, एल्फलँडच्या सरायीत एक रात्र १०० ला. वीस बाटल्या आणि दहा उतारे घेतले तर १,२०० अधिक ७५०, म्हणजे १,९५० नाणी एका फेरीच्या शिदोरीला. त्याच गावात चांदीची तलवार ४,००० ला टांगलेली असते आणि प्रत्येकाचा जीव तिच्यात अडकतो. मी म्हणेन, दोन्ही जमेपर्यंत गावाभोवतीच लढत रहा. एकच जमत असेल तर आधी बाटल्या. तलवार घेऊन खिसा रिकामा झाला तर पहिल्या मजल्यावरून परत फिरावं लागतं, आणि ती फेरी फुकट जाते. बीबीएला याला खेळतं भांडवल म्हणतात. (मूळ गेममध्ये बाटल्या एकेक करूनच घ्याव्या लागतात, वीस म्हणजे वीस वेळा हो-हो करत बसायचं. नव्या आवृत्त्यांत ही कटकट नाही.)

मुकुट घेऊन ओसाड किल्ल्यात गेलात की तो म्हातारा राजा खरं रूप दाखवतो. तो राजा नाहीच, तो अ‍ॅस्टॉस, राजपुत्राला झोपवणारा काळा एल्फ. पडका वाडा, आजूबाजूला नोकर नाही, दरबार नाही, आणि मागणी थेट मुकुटाची! नीट पाहिलं तर शंका घ्यायला भरपूर जागा होती. पण इथे गेम तुम्हाला ‘नको’ म्हणू देत नाही, पुढे जायला हाच एक मार्ग आहे. खऱ्या धंद्यात मात्र असल्या पार्टीला माल देण्याआधी आजूबाजूला चौकशी करता येते, ती करा. अ‍ॅस्टॉसकडे एका झटक्यात माणूस मारणारा मंत्र आहे, तेव्हा आत जाण्यापूर्वी सगळ्यांची तब्येत पूर्ण भरून घ्या आणि खेळ साठवून ठेवा. एखादा गेलाच तर गावच्या दवाखान्यात पैसे भरून परत उठवता येतो.

यानंतर गाडी उताराला लागते. अ‍ॅस्टॉसकडून मिळालेला स्फटिक माटोयाला द्या, ती औषध देते. ते पाजलं की राजपुत्र जागा होतो आणि किल्ली हातात देतो.

बहुतेक जण किल्ली मिळताच दारूसाठी कोनेरियाकडे पळतात. थांबा. वहीत आणखी एक पान असायला हवं, बंद दारांचं. एल्फलँडच्या त्याच राजवाड्यात कुलूपबंद खजिना आहे, चार पावलांवर. अ‍ॅस्टॉसच्या रिकाम्या झालेल्या किल्ल्यातही आहे. कोनेरियाच्या खोल्यांत दारूबरोबर शस्त्रं, चिलखत आहे. बुटक्यांच्या गुहेतही बंद खोली आहे, आणि तिथे तर दारू द्यायला जायचंच आहे. सगळं वाटेवरचं. दलदलीच्या गुहेतही बंद दारं आहेत, पण तिथे परत जायचं की नाही हे शिदोरी बघून ठरवा.

बुटक्यांच्या गुहेत एक लोहारही भेटतो, त्याला अ‍ॅडमंट नावाचा धातू हवा असतो. तो खूप पुढे, शेवटाकडे मिळतो, आणि त्यातून तो जी तलवार घडवतो तिच्यापुढे ती चांदीची काहीच नाही. आज फक्त वहीत लिहून ठेवा.

नेरिकला दारू दिली की स्फोट होतो, पट्टी फुटते आणि कालव्यातून जहाज बाहेर पडतं. पुढचं गाव मेल्मंड. तिथली जमीन सडत चाललीय, आणि औषधाच्या बाटल्या विकणारं दुकान तिथे नाही. तेव्हा कालवा ओलांडण्याआधी एकदा मागे फिरून बाटल्या भरून घ्या.