आखूड गुणसूत्राचा शोध

वाणाची शुद्धता ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. पिकाचे सारे गुण बियाण्याच्या पेशीतल्या गुणसूत्रांवर असतात. ज्वारीत गुणसूत्रांच्या १० जोड्या, माणसात २३. त्यांतले एकच बिघडले, तर काय होते?

१९६० सालची गोष्ट. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात डॉ. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड हे दोन तरुण रक्ताच्या कर्करोगाचा, म्हणजे ल्युकेमियाचा अभ्यास करीत होते. दोघांनी नुकतीच तिशी ओलांडलेली. हंगरफर्ड तर अजून पीएच. डी.चे विद्यार्थी. नोवेल काचपट्टीवरच्या पेशी साध्या नळाच्या पाण्याने धूत. त्या पाण्याने पेशी फुगत आणि एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रे सुटी होऊन दिसत. नोवेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवायच्या, तर राजम्याच्या दाण्यातला अर्क कामी येतो. आपला वाघ्या घेवडाही त्याच जातकुळीतला!

सूक्ष्मदर्शकाखाली हंगरफर्ड यांना एक गुणसूत्र फारच आखूड दिसले. दीर्घ मुदतीच्या एका प्रकारच्या ल्युकेमियात, तपासलेल्या सातही रुग्णांत ते सापडले. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणू लागले.

मग तुटलेला तुकडा गेला कुठे? याचे उत्तर १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट रॉली यांनी दिले. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडून बसत. त्यांना दिसले की ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे. पुढे कळले की या सांध्यावर दोन जनुके चुकीची जोडली जातात आणि त्यांतून एक बिघडलेले प्रथिन तयार होते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चालू अवस्थेत अडकला, तर पाटाला पाणी मावेनासे होते. तसे हे प्रथिन पेशीला थांबू देत नाही. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

कारण कळले, मग औषध शोधता आले. इमॅटिनिब ही गोळी नेमका तोच स्टार्टर बंद करते. डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ साली रुग्णांवर तिच्या चाचण्या सुरू केल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त पूर्ववत झाले. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या एका रूपाचा पेटंट-दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

सततचा थकवा, वजन घटणे, रात्री दरदरून घाम, डाव्या बरगडीखाली जडपणा, अशी लक्षणे बरेच दिवस राहिली तर अंगारे-धुपारे आणि ताकदीची इंजेक्शने यांत महिने घालवू नयेत. रक्तपेशींची साधी मोजणी तालुक्याच्या गावीही होते. तीत पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या दिसल्या, तर पुढे मुंबईचे टाटा रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशीही तेथेच करावी.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गुणसूत्रातला हा बिघाड जन्मानंतर, हाडातील मगजाच्या पेशीत होतो. तो आईबापांकडून मुलांत उतरत नाही. तेव्हा घरात असा रुग्ण आहे म्हणून कोणी ताट वेगळे करू नये की मुलीची सोयरीक मोडू नये.

मात्र ल्युकेमियाचे प्रकार अनेक आहेत. त्यांत ही गोळी मुख्यतः आखूड गुणसूत्र असलेल्यांनाच लागू पडते; शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल असे नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून ती मनाने सोडू नये. वरून तण दिसेनासे झाले, तरी हरळीच्या काश्या जमिनीत असतात. त्या पुन्हा फुटायला वेळ लागत नाही, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक?