विद्यापीठ परिसराची सुरक्षा : पहिली काही मिनिटे निर्णायक

२८ डिसेंबर २००५ रोजी सायंकाळी बेंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या टाटा सभागृहातून एका परिषदेचे प्रतिनिधी बाहेर पडत असताना त्यांच्यावर स्वयंचलित बंदुकीतून गोळीबार झाला. आयआयटी दिल्लीतील गणिताचे निवृत्त प्राध्यापक मुनीशचंद्र पुरी यांचा त्यात मृत्यू झाला, तर अन्य काही जण जखमी झाले. हल्लेखोर तेथून निसटले. ज्ञानसाधनेची स्थळेही दहशतवादाच्या टप्प्याबाहेर नाहीत, याची जाणीव या घटनेने देशाला करून दिली.

विद्यापीठाची रचनाच त्याला असुरक्षित बनवते. विस्तीर्ण परिसर, अनेक प्रवेशद्वारे, ठरलेले वेळापत्रक, एकाच वेळी वर्गात वा वसतिगृहात असणारे शेकडो तरुण आणि पाहुण्यांची सततची ये-जा या गोष्टी विमानतळाप्रमाणे नियंत्रित करता येत नाहीत आणि तसे करणे इष्टही नाही. म्हणूनच प्रत्येक हल्ला रोखता येईल असे गृहीत धरण्याऐवजी, हल्ला झालाच तर जीवितहानी कमीत कमी कशी राहील, हा प्रश्न सुरक्षा नियोजनात मध्यवर्ती ठरतो.

या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे अन्य देशांतील दोन घटनांतून मिळतात. २ एप्रिल २०१५ रोजी पहाटे केनियातील गारिसा विद्यापीठ महाविद्यालयावर अल-शबाबच्या बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. त्यात १४८ जणांचा बळी गेला आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी होते. संभाव्य हल्ल्याचे इशारे आधी मिळाले होते, तरीही संरक्षणासाठी मोजकेच सशस्त्र पोलीस होते. विशेष पथक राजधानी नैरोबीहून पोहोचेपर्यंत अनेक तास उलटले. पथक आत शिरल्यानंतर मात्र कारवाई अल्पावधीत संपली.

पुढील वर्षी, २० जानेवारी २०१६ रोजी, पाकिस्तानातील चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठात चार हल्लेखोर दाट धुक्याचा आडोसा घेऊन मागील भिंत ओलांडून शिरले. ‘सरहद्द गांधी’ खान अब्दुल गफार खान यांच्या स्मृतिदिनानिमित्त त्या दिवशी तेथे मुशायरा आयोजित करण्यात आला होता. या हल्ल्यात किमान २० जण मृत्युमुखी पडले. तथापि, विद्यापीठाच्या स्वतःच्या सशस्त्र रक्षकांनी पोलीस आणि लष्कर येईपर्यंत प्रतिकार केल्याने हल्लेखोरांची आगेकूच मंदावली. भिंत ओलांडली गेली. मधला वेळ मिळाला तो जागेवर असलेल्या माणसांमुळे.

वेळेइतकेच महत्त्व सूचनेला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी झालेला गोळीबार दहशतवादी कृत्य नव्हते, पण त्याचा धडा येथेही लागू पडतो. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांची हत्या झाली. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर काही मिनिटांतच दुसऱ्या इमारतीत आणखी ३० जण मारले गेले. पुढे, धोक्याची खातरजमा होताच परिसरातील सर्वांना तात्काळ सावध करण्याचे बंधन तेथील कायद्याने शिक्षणसंस्थांवर घातले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. सहज चढता येणार नाही इतकी उंच संरक्षक भिंत, मर्यादित प्रवेशद्वारे, सीसीटीव्ही कॅमेरे, ओळखपत्रांची पडताळणी आणि अभ्यागतांची नोंद यांचा त्यांत समावेश आहे. या उपायांमुळे हल्लेखोराचे काम अवघड होते. मात्र कॅमेरा घटना नोंदवतो. ती पाहून काय करायचे, हे कोणीतरी आधीच ठरवलेले असावे लागते. दारे बंद करण्याचा आदेश कोण देणार, पोलिसांना इमारतींचे नकाशे कोण पुरवणार आणि कुलगुरू अनुपस्थित असतील तर निर्णय कोणाचा, याची उत्तरे संकटाच्या क्षणी शोधता येत नाहीत.

सरावाचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. आग लागल्यास सर्वांनी मोकळ्या जागेत जमायचे असते. गोळीबारात नेमकी तीच जागा घातक ठरते. दोन्हींसाठी एकच घंटा वाजत असेल तर विद्यार्थी चुकीच्या दिशेने धावतील. त्यामुळे वेगळी सूचना, आतून बंद होणारी दारे आणि वर्षातून किमान एकदा पोलिसांसह रंगीत तालीम या अल्पखर्चिक बाबी निर्णायक ठरू शकतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतील कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी सुमारे २० गर्भवतींना एका लहान खोलीत हलवून त्यांचे प्राण वाचवले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. आपला कक्ष आणि त्यातील सुरक्षित जागा मात्र त्यांना ठाऊक होती.

खोट्या धमक्यांमुळे दुसरे आव्हान उभे राहते. अलीकडच्या काळात दिल्लीतील महाविद्यालयांना बॉम्बस्फोटाच्या धमकीचे ईमेल आले आणि तपासणीअंती ते खोटे ठरले. अशा प्रसंगांची पुनरावृत्ती झाली की गांभीर्य ओसरते. प्रत्येक धमकीची तपासणी त्याच शिस्तीने व्हावी आणि विद्यार्थ्यांना खरी माहिती अधिकृत माध्यमातून त्वरित मिळावी, एवढे झाले तरी घबराट आणि बेफिकिरी या दोन्हींना आळा बसतो.

सुरक्षेच्या नावाखाली विशिष्ट समाजाच्या वा प्रदेशाच्या विद्यार्थ्यांकडे संशयाने पाहिले गेले, तर त्याचे दुष्परिणामही होतात. संशयास्पद हालचाल सर्वप्रथम दिसते ती विद्यार्थी, वसतिगृहातील कर्मचारी आणि उपाहारगृह चालकांना. प्रशासनावर विश्वास असेल तरच ते पुढे येऊन माहिती देतात. परिसरातील प्रत्येकाला कोणाला कळवायचे आणि कोठे थांबायचे हे ठाऊक असणे, ही सज्जतेची खरी कसोटी आहे. ती पार करण्यासाठी विद्यापीठाला आपली दारे ज्ञानार्थींसाठी बंद करावी लागत नाहीत.