न झिजणाऱ्या बॅटरीची गोष्ट

इन्व्हर्टरच्या बॅटरीत वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घाला, तिची कितीही काळजी घ्या, काही वर्षांनी ती बदलावीच लागते. दोष असतो तो प्रामुख्याने आतल्या शिशाच्या पट्ट्यांत. वीज देताना त्यांचा पृष्ठभाग बदलतो, चार्ज करताना पूर्ववत होतो. पण अगदी पूर्ववत कधीच होत नाही. मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीचं रसायन वेगळं, पण म्हातारपण तिलाही चुकत नाही.

मग वीज साठवण्याचं काम पट्ट्यांऐवजी द्रवावरच सोपवलं तर? १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘नासा’ने हा मार्ग धरला. एका टाकीत लोहाचं द्रावण, दुसरीत क्रोमियमचं. दोन्ही द्रावणं पंपाने एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी फिरवायची. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, तीच आपली वीज. अडचण एकच, पण मोठी. पडदा थोडा थोडा पाझरतो, दोन्ही धातू एकमेकांत मिसळतात आणि बॅटरीची क्षमता उतरत जाते.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा ऐकायला फारच सोपा वाटतो: दोन्ही टाक्यांत एकच धातू ठेवा! व्हॅनेडियम हा धातू द्रावणात चार वेगवेगळ्या अवस्थांत राहू शकतो. दोन अवस्था एका टाकीला, दोन दुसरीला. पडद्यातून गळती झालीच, तर तेवढी वीज वाया जाते. द्रावण मात्र नासत नाही. दोन्ही टाक्यांतलं द्रावण एकत्र करून पुन्हा वाटून घेतलं, की गाडी रुळावर.

तरी एक पेच होताच. पाचव्या अवस्थेतल्या व्हॅनेडियमची संयुगं नीट विरघळत नाहीत, म्हणून हा मार्ग निरुपयोगी समजला जात होता. सिडनीच्या गटाने उलट्या बाजूने सुरुवात केली. सहज विरघळणारं चौथ्या अवस्थेतलं व्हॅनेडियम आधी सल्फ्युरिक आम्लात घेतलं आणि विजेच्या साहाय्याने द्रावणातच त्याची पाचवी अवस्था केली. ते तळाला न बसता विरघळलेलंच राहिलं. १९८६मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला.

ही बॅटरी बघायलाही देखणी. पूर्ण चार्ज असताना एका टाकीत पिवळं द्रावण, दुसरीत जांभळं; उतरली की निळं आणि हिरवं. जास्त तास वीज हवी असेल तर टाक्या मोठ्या करायच्या, बस्स. शिवाय द्रावणात बरंचसं पाणीच असल्याने ते पेट घेत नाही. जानेवारी २०२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगचं लिथियम बॅटरी केंद्र पेटलं आणि हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट लहान नव्हे.

विद्यापीठाने १९९०च्या दशकात या बॅटरीवर गोल्फची गाडी चालवून दाखवली, थायलंडमध्ये एका सौरघरात ती बसवली गेली, जपानमध्येही प्रयोग झाले. पण तेव्हा सौरवीज महाग होती. साठवायला जादा वीज होतीच कुठे? गरज निर्माण होईपर्यंत, २००६च्या सुमारास, मूळ पेटंटची मुदत संपली. पुढे २०२२मध्ये चीनमधल्या दालियन शहरात १०० मेगावॉट वीज सलग चार तास देऊ शकणारं केंद्र ग्रिडला जोडलं गेलं. प्रयोगशाळेतून तिथवर यायला साडेतीन दशकं लागली.

लिथियमला ती लगेच हटवेल, असं मात्र मला वाटत नाही. तेवढीच वीज साठवायला तिला कितीतरी जास्त जागा लागते आणि पंपही थोडी वीज खातात. व्हॅनेडियमचा मोठा गिऱ्हाईक पोलाद उद्योग, त्यामुळे भावही त्याच्या मागणीवर वरखाली होतो. आपल्यासाठी आणखी एक अडचण उन्हाळ्याची. मूळ द्रावण ४० अंश सेल्सियसच्या वर फार काळ तापलं, तर पाचव्या अवस्थेतलं व्हॅनेडियम साका होऊन खाली बसू लागतं. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते आणि चालू बॅटरीची स्वतःची उष्णता वेगळी. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११मध्ये द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचीही भर घालून ही मर्यादा ५० अंशांपर्यंत नेली आहे.