भंगार, मोरचूद आणि उत्क्रांती

उत्क्रांतीवर वाद निघाला की कुणीतरी हमखास विमान उडवतं. भंगाराच्या वखारीत वादळ शिरलं आणि जाता जाता बोइंग ७४७ जोडून गेलं, शक्य आहे का? उपमा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांची. सोबत आकडाही येतो: एक प्रथिन म्हणजे १०० अमिनो आम्लांची ठरावीक साखळी, प्रत्येक जागी २० पर्याय, म्हणजे शक्यता १ भागिले १० चा १३० वा घात!

गुणाकार बरोबर आहे, उपमा फसवी. भंगारातले पत्रे आपणहून जुळत नाहीत, अणू जुळतात. मोरचुदाचं गरम, दाट द्रावण शांत ठेवून द्या, थंड होताना निळे, धारदार कडांचे स्फटिक तयार. (मोरचूद विषारी, मुलांसोबत करायचं तर तुरटी घ्या.) इतके कण निव्वळ नशिबाने रांगेत उभे राहण्याची शक्यता काढून बघा, शून्यच वाटेल. दमट हवेत लोखंड गंजतं, तेही लॉटरी लागल्यासारखं नव्हे.

स्फटिक म्हणजे उत्क्रांती नव्हे, मान्य. तिथे वारसा नाही, निवड नाही. पण 'ठरावीक साखळी' ही अटच मुळात कुणी घातली? कीफ आणि शोस्टाक या संशोधकांनी २००१ मध्ये ८० अमिनो आम्लांच्या सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक साखळ्या चाळल्या. एटीपीला, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला, धरून ठेवणारी प्रथिनांची चार वेगवेगळी कुळं त्यांत निघाली.

गंमत म्हणजे कार्बनपासून लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात नशिबाने नव्हे तर नियमाने कशी घडतात, हे उलगडणाऱ्यांत हॉयल स्वतःच आघाडीवर होते.